मध्य स्पेन, खडीचे रस्ते, सहा दिवस: मागून ट्रक येणार नाही असं काही आहे का?

लोणंदकर

नमस्कार मंडळी. वय ६१, बँकेतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत. भाची माद्रिदला शिकते, तिच्याकडे जातोय. शनिवारी १८ एप्रिलला पोचतो. सोमवारपासून पुढचे सहा दिवस तिच्या परीक्षा आहेत, म्हणजे मी मोकळा.

अट एकच आहे. ट्रक नको. गेल्या वर्षी खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या वळणावर एका कंटेनरनं अशी हूल दिली की आरसा गेला आणि कोपराचं सालटं गेलं. तेव्हापासून मागून इंजिनाचा आवाज आला की मान आपोआप खांद्यात जाते. घरून ऑर्डर आहे, सायकल विका. मी म्हटलं, मागून काही येतच नाही अशा ठिकाणी एकदा चालवून बघतो, मग विकायचं बघू.

नेटवर शोधलं तर सगळे तेरुएलपासूनच्या एका मोठ्या चक्राचं कौतुक करतात. 'मोन्तान्यास बाथियास', म्हणजे रिकामे डोंगर. जवळपास ७०० किलोमीटर. सहा दिवसांत जमेल का? पुणे-कोल्हापूर मी दोन दिवसांत केलंय. सायकल तिथेच भाड्यानं घेणार. शाकाहारी आहे, अंडं चालतं. स्पॅनिश शून्य.

गिअरबदलू

काका, ७०० भागिले ६ म्हणजे रोजचे ११७. पुणे-कोल्हापूर डांबर आहे, हे डोंगरातली खडी. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी ते चक्र तेरा दिवसांत केलं आणि परतल्यावर महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. बाकी माहिती म्हसवडच्या ताई देतील, त्या तिकडेच असतात. ताई, या हो धाग्यावर.

म्हसवडची_लेक

आले. काका, राम राम. तुम्ही लोणंदचे म्हणजे माहेरच्या वाटेवरचेच.

मी ग्वादालाहारात राहते, माद्रिदच्या ईशान्येला, लोकलनं तासाभरावर. अकरा वर्षं झाली. नवऱ्याच्या नोकरीमागून आले, भाषा येत नव्हती, ओळख कुणाची नव्हती, तेव्हा शेजारणीच्या मुलाची जुनी सायकल घेतली आणि गावाबाहेर पडले. अर्ध्या तासात डांबर संपलं. पुढे तीन तास एक माणूस दिसला नाही. घाबरून परत आले. माणदेशातल्या माळावरसुद्धा कुठंतरी एखादा मेंढक्या दिसतोच की.

तर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच आहे. तिकडचे रस्ते गाड्यांशिवायचे आहेत ते कुणी सायकलवाल्यांसाठी काही केलं म्हणून नव्हे. तिथं माणसंच उरली नाहीत. तुम्ही म्हणता त्या चक्राचा मुलूख तेरुएल, ग्वादालाहारा आणि क्वेन्का या तीन जिल्ह्यांच्या डोंगरात आहे, आणि तिथं चौरस किलोमीटरला आठ माणसंही नाहीत. आपल्या महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत ३६५ होती. १९५०-६०च्या दशकांत लोक गठुडी बांधून माद्रिद, बार्सिलोना, वालेन्सियाला गेले ते गेलेच. एका गावात मी एका म्हाताऱ्याला विचारलं, किती जण राहता? म्हणाला, हिवाळ्यात चौदा, ऑगस्टात दोनशे. ऑगस्टात गावची जत्रा असते, तेव्हा सगळे शहरवाले गाड्या घेऊन येतात. आपल्याकडे मुंबईकर यावेत तसं.

म्हणून ट्रकची काळजी सोडा. काळजी पाण्याची आणि जेवणाची करा. मी नकाशावर आधी गावातली 'फुएन्ते' शोधते, म्हणजे सार्वजनिक पाण्याचं टाकं, आणि चालू असलेला बार शोधते. किलोमीटर त्यानंतर. 'बार' म्हटल्यावर दचकू नका. इथं बार म्हणजे चहाची टपरी, किराणा, चावडी आणि कधीकधी पोस्टसुद्धा. बार बंद झाला की गाव संपलं असं लोक धरूनच चालतात.

आता तुमचं ७०० किलोमीटर. नको. वाट सुंदर आहे, पण बराचसा भाग हजार मीटरच्या वर आहे. तेरुएल, कालामोचा आणि मोलिना दे आरागोन या तीन गावांमधल्या भागाला इथं थंडीचा त्रिकोण म्हणतात. कालामोचाजवळ १९६३च्या डिसेंबरात पारा उणे ३० ला गेला होता. एप्रिलअखेरीलाही रात्री बाटलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो. पहिल्याच खेपेला, एकट्यानं, भाड्याच्या सायकलवर, भाषा येत नसताना तिथं जाऊ नका.

मी असते तर ला हारापासून सुरुवात केली असती. 'बिया बेर्दे दे ला हारा', तोलेदो जिल्ह्यात. लिहितात 'व्ही', म्हणतात 'ब', सवय होईल. बिया बेर्दे म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचा सायकल-पायरस्ता. हा कार्यक्रम १९९३ला सुरू झाला आणि आता देशभरात ३,००० किलोमीटरच्या वर असे मार्ग आहेत. पण ला हाराची गंमत वेगळी. ही रेल्वे बंद पडलेलीच नाही, कारण ती चालूच झाली नाही! तालाबेरापासून विल्यानुएवा दे ला सेरेनापर्यंत लोहमार्ग टाकायचं काम १९२०च्या दशकात निघालं. बोगदे खणले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली. मग यादवी युद्ध, मग पैशांची चणचण, आणि १९६०च्या दशकात सगळं सोडून दिलं. एकही प्रवासी गाडी कधी धावली नाही. तुम्ही स्टेशनाच्या फलाटासमोरून सायकल चालवता आणि त्या फलाटावर कधी कुणी गाडीची वाट पाहिलेली नसते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी एका फलाटावर बसून डबा खाल्ला. म्हटलं, कुणीतरी बसायला हवं ना इथं.

लांबी ५२ किलोमीटर, कालेरा इ चोथासपासून सांता कितेरियाच्या स्टेशनापर्यंत. रेल्वेसाठी आखलेला मार्ग, त्यामुळे चढ कुठंच अंगावर येत नाही, पण जाताना सतत किंचित चढ आहे. डोळ्यांना सपाट दिसतं आणि पाय म्हणतात काहीतरी गडबड आहे. पहिला टप्पा शेतांचा, थोडा कंटाळवाणा. मग आथुतान धरणाच्या पाण्यावरून मोठा पूल, खाली ताहो नदी. त्यापुढे खरी मजा. डोंगर सुरू होतो आणि एकामागून एक बोगदे, सतराअठरा तरी. काही वळणाचे आहेत, मधे गेलं की दोन्ही तोंडं दिसत नाहीत. दिव्यांच्या भरवशावर राहू नका, डोक्याला बांधायचा टॉर्च न्या, आणि आत शिरायच्या आधी गॉगल काढा. हे मी का सांगतेय ते माझ्या उजव्या गुडघ्यावरची खूण बघितलीत तर कळेल.

हारा हे झुडपाचं नाव. एप्रिल-मेमध्ये फुलतं. तळहाताएवढं पांढरं फूल, पाकळ्यांच्या मुळाशी जांभळा-काळा ठिपका. पानं चिकट असतात आणि ऊन तापलं की डिंकासारखा वास सुटतो. तुमच्या तारखा अगदी नेमक्या आहेत.

वाटेवर पाणी मात्र फार थोडं. दोन मोठ्या बाटल्या आणि एक राखीव. आल्देआनुएवा दे बार्बारोया या गावात बार आहेत, पण गाव मार्गापासून बाजूला आहे, तेव्हा वळून जायचं लक्षात ठेवा.

वाचनमात्र

कधी न धावलेल्या रेल्वेचा फलाट! वाचनखूण साठवली. ताई, तुम्ही लेखच का नाही लिहीत?

म्हसवडची_लेक

लेख लिहायला बसलं की सुचत नाही. कुणी विचारलं की तोंड थांबत नाही.

चेनल्यूब

मी २०२३ साली तीन आठवडे कास्तियात, म्हणजे स्पेनच्या मधल्या पठारावर, होतो, त्यातले पाच दिवस चिखलात. रस्ता रिकामा असणं आणि चालवण्याजोगा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन मुद्दे.

पहिला टायरचा. किमान ४० मिलिमीटर रुंदीचं घ्या, ४५ मिळालं तर उत्तम, आणि ट्यूबलेस. कारण सराटे! आपले तेच, गोखरू. शेताच्या कडेला हीच वनस्पती तिकडेही पसरलेली असते, 'आब्रोखो' म्हणतात. भाड्याच्या सायकलीत सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक आपोआप बुजवणारा द्रव, आहे का ते टायर हलवून कानाजवळ धरून तपासा. डबडब आवाज यायला हवा. मला जी सायकल मिळाली तिच्यात सीलंट वाळून कागद झालं होतं. तिसऱ्या दिवशी एका टायरमधून अकरा काटे काढले.

दुसरा मुद्दा मातीचा. पाऊस झाला तर चिकण मातीच्या शेतरस्त्यावर चोवीस तास जाऊ नका. बार्शी-लातूरकडची काळी माती ओली झाली की चप्पल कशी जमिनीतच राहते? तसंच. चाक चिमट्यात अडकतं, फिरतच नाही. मी तीन किलोमीटर सायकल खांद्यावरून नेली आहे आणि ती सायकलही मातीसकट वीस किलोची झाली होती. बिया बेर्देवर मुरूम दाबून बसवलेला असतो, तिथं हा प्रश्न येत नाही. ताईंनी हे आधी सांगायला हवं होतं असं नम्रपणे नोंदवतो.

म्हसवडची_लेक

नोंद मान्य. मी पावसात घरी बसते, त्यामुळे विसरते.

शेतरस्त्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण नकाशावर ते सगळे सारखेच दिसतात आणि काका फसतील. नांगरटीच्या मुलखात जी सरळ, रुंद, पट्टीनं आखल्यासारखी वाट दिसते ती जमिनींच्या एकत्रीकरणातून आलेली. १९५० नंतर सरकारनं तुकड्यातुकड्यांची शेतं एकत्र करून पुन्हा वाटली आणि नव्या शेतांना ट्रॅक्टरचे रस्ते काढून दिले. वाट उघडी, सावली नाही, वारा समोरून. चिखलाची हीच. जंगलातल्या वाटेला 'पिस्ता' म्हणतात. ती वनखात्याची, दगडगोट्यांची, पाऊस पडला तरी तासाभरात वाळते.

आणि तिसरी माझी लाडकी, 'कान्यादा'. मेंढरांचा राजरस्ता. खरंच राजाचा, कारण १२७३ साली दहाव्या आल्फोन्सो राजानं मेंढपाळांच्या संघाला, मेस्ताला, सनद दिली. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात, हिवाळ्यात दक्षिणेच्या कुरणांत, असे लाखो मेरिनो मेंढ्यांचे कळप वर्षानुवर्षं या वाटांनी जायचे. मेस्ता १८३६ला बरखास्त झाली, वाटा राहिल्या. मोठ्या कान्यादाची कायदेशीर रुंदी ७५ मीटर आहे! सगळ्या प्रकारच्या मिळून सव्वा लाख किलोमीटर वाटा आजही सार्वजनिक मालकीच्या आहेत. १९९५च्या कायद्यानं त्या विकता येत नाहीत, नांगरता येत नाहीत. पायी आणि सायकलनं जायची मुभा त्याच कायद्यात आहे.

मला हे कळलं तेव्हा पहिला फोन आईला केला. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघायचे ते कुणाच्या ना कुणाच्या बांधावरून, शिव्या खातच. आणि इथं मेंढरांना ७५ मीटर रुंद रस्ता, तोही राजाच्या सहीचा. आई म्हणाली, मग मेंढरं कुठायत? म्हटलं, आता ट्रकनं जातात बहुतेक. त्यावर ती जे हसली!

अर्थात कागदावर ७५ मीटर असलं तरी जागेवर कुठं चार मीटर उरलेत, कुठं वर महामार्गच बसलाय. म्हणून अनोळखी कान्यादावर पूर्ण दिवस लावू नका. तुकड्या-तुकड्यांनी घ्या.

पालेन्सियाचा_पाहुणा

'कनाल दे कास्तिया' कुणीच कसा सुचवला नाही? १७५३ ते १८४९ या काळात खणलेला कालवा, २०७ किलोमीटर, गहू बंदराकडे न्यायला. काठानं खेचरं नावा ओढायची, ती वाट आता सायकलला मोकळी आहे. सपाट, दोन्ही बाजूंना झाडं, आणि कालव्याच्या काठानं जायचं असल्यामुळे वाट चुकणं शक्यच नाही. फ्रोमिस्ताला एकाखाली एक चार पाणदरवाजे आहेत, ते बघायला अर्धा दिवस द्या. ६१ वर्षांच्या माणसाला मी हेच सांगेन.

म्हसवडची_लेक

सुचवला नाही कारण मला तिथं दुसऱ्या दिवशी झोप येते. पण पाहुण्यांचं म्हणणं बरोबर आहे. पावसाळी हवा दिसली तर कालवा हा उत्तम पर्याय.

लोणंदकर

मंडळी, भरून पावलो. सराटे तिथंही पाठ सोडणार नाहीत हे वाचून घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. सौ. म्हणाल्या, मग इथंच टोचून घ्या की.

ठरलं, ७०० रद्द. सोमवारी २० तारखेला सकाळी तालाबेरा, तिथून ला हारा. राहिलेल्या दिवसांचं काय करू? आणि ताई, दोन शंका. एक, कुत्री. आपल्याकडे धनगरांच्या कळपाजवळ सायकल नेली की काय होतं ते ठाऊक आहे. दोन, जेवण.

म्हसवडची_लेक

काका, सोमवार नको! इथं आठवड्याची सुट्टी बऱ्याच बारना सोमवारी असते आणि ज्या गावात एकच बार असतो तिथं सोमवारी काहीही नसतं. असाच एक सोमवार मी अर्ध्या पाकीट बिस्किटांवर काढलाय. शेवटी एका खिडकीतून एका आजींनी पाव आणि टोमॅटो दिला, पैसे घेतले नाहीत, वर तासभर बोलत बसल्या. मला तेव्हा निम्मं कळत होतं. त्यांना चालत होतं.

म्हणून सोमवारी माद्रिदमध्येच सायकल ताब्यात घ्या, चेनल्यूबनं सांगितलंय तसं टायर कानाशी धरा, शहराबाहेर एक चक्कर मारून बसकण जुळवून घ्या. मंगळवारी २१ला तालाबेरापर्यंत रेल्वे. 'मेदिया दिस्तान्सिया' प्रकारच्या गाडीत सायकल तशीच चढवता येते, पण जागा मोजक्याच, म्हणून तिकिटाबरोबर सायकलचीही जागा राखून घ्या. तालाबेराहून कालेरा पंधराएक किलोमीटर. संध्याकाळी आल्देआनुएवाकडे मुक्काम, खोली आधी फोन करून सांगितलेली असू दे, भाचीला बोलायला लावा. बुधवारी सामान खोलीवर ठेवून सांता कितेरियापर्यंत जाऊन परत या, बोगदे दोन्ही बाजूंनी होतील. परतताना उतार असतो, तो रेल्वे अभियंत्यांचा आशीर्वाद समजा. गुरुवारी परत तालाबेरा.

गुरुवार २३ एप्रिल आहे. त्या दिवशी कास्तिया इ लेओन आणि आरागोन या दोन्ही प्रांतांत सुट्टी. म्हणजे तेरुएलला किंवा सेगोबियाला गेला असतात तर पुन्हा बंद दारं. तोलेदो कास्तिया-ला मांचात येतं, तिथं ती सुट्टी नाही.

शुक्रवारी सेगोबिया. माद्रिदहून बस घ्या, सायकल पिशवीत घालून बसच्या पोटात. तिथून एरेस्मा नदीच्या खोऱ्यातून ओल्मेदोपर्यंत सत्तरेक किलोमीटरचा मार्ग आहे. सेगोबिया-मेदिना रेल्वे १९९३ला बंद झाली, तिच्यावरच केलाय. बहुतेक सगळा पाइनच्या जंगलातून. झाडांच्या बुंध्यावर साल काढून खाली छोटी भांडी लावलेली दिसतील, राळ गोळा करायला. ताडीची मडकी आठवतील. वाटेत कोका गावी मुक्काम करा, तिथला किल्ला पूर्ण विटांचा आहे, पंधराव्या शतकातला. आपले दगडी किल्ले बघितलेल्या माणसाला तो आधी किल्ला वाटतच नाही, कुणीतरी विटांचं भरतकाम केल्यासारखं वाटतं. शनिवारी ओल्मेदो आणि पुढे मेदिना देल काम्पो, तिथून माद्रिदची रेल्वे.

आता कुत्री. गावातली भुंकतात, सोडून द्या. कळपाजवळची मास्तीन मात्र वासराएवढी असतात, लांडग्यापासून मेंढरं राखायला पाळलेली. ती कळपातच बसलेली असतात, मेंढरांच्याच रंगाची, त्यामुळे उशिरा दिसतात. तुम्हाला जे धनगरांच्या कळपाजवळ करायची सवय आहे तेच करा. लांबूनच उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, हळू चालत मोठा वळसा घाला, बोलत राहा. मी मराठीत बोलते. "चल जा बाबा, तुझी मेंढरं तुला" असं म्हटलं की त्यांना नेमकं समजतं. पळू नका आणि दोन पायांत शेपूट घालून आलेलं पिल्लू दिसलं तरी हात लावू नका.

जेवण. दुपारचं जेवण दोन ते चार, त्याआधी स्वयंपाकघर पेटत नाही. रात्रीचं नऊनंतर. शाकाहारी आहे म्हटलं तर मान डोलावतात आणि घेवड्याच्या भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे घालून आणतात, कारण ते त्यांच्या मते चवीपुरतं असतं. 'सँडविच बेखेताल' मागवलंत तर त्यात ट्यूना मासा असतो, नावात भाजी आहे म्हणून फसू नका. 'एन्सालादा मिस्ता' सॅलडमध्येही तोच. डोळे मिटून मागवावं असं 'तोर्तिया दे पातातास', बटाट्याचं जाड ऑम्लेट, आणि 'पिस्तो', टोमॅटो-ढोबळी मिरची-भोपळ्याची भाजी, वर तळलेलं अंडं. भाकरी असती तर म्हसवड-म्हसवडच. "सिन हामोन, सिन आतून" एवढं पाठ करा. हॅम नको, ट्यूना नको.

फुएन्तेवर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर पिऊ नका. 'सिन गारान्तिया सानितारिया' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, पाणी तपासलेलं नाही. गाववाले पितात, मी पोट बघून ठरवते. सकाळी भोंगा वाजवत पाववाल्याची व्हॅन येते, तिचा आवाज आला की जे करत असाल ते सोडून धावा. गावाबाहेर हेल्मेट कायद्यानं लागतं. अडचण आली तर ११२.

लोणंदकर

सगळं वहीत उतरवून घेतलं. भाचीला 'सिन हामोन, सिन आतून' म्हणून दाखवलं, ती म्हणते उच्चार बरा आहे, फक्त ओरडू नका.

ताई, बुधवारी सांता कितेरियाहून परतताना कुठला फलाट तुमचा ते सांगून ठेवा. मीही तिथंच डबा खाईन.

म्हसवडची_लेक

पूल ओलांडून डोंगरात शिरल्यावर एका स्टेशनासमोर एकच अंजिराचं झाड आहे. झाडाकडे तोंड करून बसा, मागे भिंतीची सावली मिळते. शेंगदाण्याची चटणी नेत असाल तर थोडी ग्वादालाहाराकडे वळवा.